तुमच्यात मुंज असते का, आणि त्याची कशी केली?

ठाण्याच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर भाच्याच्या बार मित्झ्वाचा फोटो टाकला आणि नेहमीसारखा पहिला प्रश्न आला, तुमच्यात मुंज असते का गं? (आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू.) हो, तसंच काहीतरी समजा, असं मी कायम सांगत आलेय. माझ्या भावाचा बार मित्झ्वा होता तेव्हा आईने शेजारच्या काकूंना असंच समजावलं होतं आणि काकू भिक्षावळीच्या हिशोबाने लाडू घेऊन सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या दारात हजर. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याला पहिल्यांदा सेफेर तोरापाशी, म्हणजे आमच्या पवित्र गुंडाळीपाशी बोलावतात, तो आशीर्वाद म्हणतो, जमलं तर थोडं वाचतो, मग सगळे जेवतात. मुलींचं बाराव्या वर्षी, त्याला बात मित्झ्वा म्हणतात. इथवर सोपं आहे.

दुसरा प्रश्न एका मैत्रिणीने जरा घाबरत घाबरत पर्सनलवर विचारला. तो बोलत नाही ना, मग त्याची कशी केली? हा खरं तर चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर मावत नव्हतं म्हणून इथे लिहितेय.

भाचा इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, भाऊ-वहिनी लग्नानंतर तिकडेच गेले. त्याला ऑटिझम आहे. तोंडाने शब्द येत नाहीत, टॅब्लेटवर चित्रांची बटणं असतात ती दाबून सांगतो, पाणी, बाहेर, बस झालं, आत्या. (आत्याचं बटण मीच हट्टाने करून घेतलं.) ऐकू सगळं येतं, समजतं त्याहून जास्त, आणि प्रार्थनेच्या चाली तो शब्दांशिवाय इतक्या बरोबर गुणगुणतो की हझानची, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याची कुठे चूक झाली तर याचा चेहरा बघून कळतं.

आता गंमत अशी आहे की आमच्या कायद्याप्रमाणे बार मित्झ्वा कोणी 'करत' नाही. तेरावं वर्ष पूर्ण झालं की मुलगा आपोआप मोठा धरला जातो, मग समारंभ करा नाहीतर झोपून राहा. मिश्नात, म्हणजे साधारण अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या आमच्या नियमांमध्ये, तेरावं वर्ष आज्ञा पाळण्याचं असं सरळ म्हटलंय. तोरापाशी बोलावणं, भाषण, हॉल, कॅटरर हे सगळं नंतर जमत गेलं. मुलींचं तर फारच अलीकडचं, अमेरिकेतली पहिली सार्वजनिक बात मित्झ्वा 1922 साली न्यूयॉर्कला जुडिथ कॅप्लन नावाच्या मुलीची झाली आणि तीही तिचे वडील मोर्देखाय कॅप्लन स्वतःच रब्बी, म्हणजे धर्मगुरू होते म्हणून. म्हणजे रीत बदलत नाही वगैरे कोणी सांगायला लागलं की मी हे साल सांगते.

पण अपंग मुलांच्या बाबतीत जुन्या ग्रंथांत एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तीन जण कायम एका ओळीत येतात, हेरेश, शोते, कातान. ऐकू-बोलू न येणारा, बुद्धीने चालू न शकणारा आणि लहान मूल. या तिघांवर आज्ञा पाळायचं बंधन नाही. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या जुन्या चर्चेच्या ग्रंथात, शोतेची लक्षणं पण दिलीत, रात्री एकटा भटकतो, कब्रस्तानात झोपतो, स्वतःचे कपडे फाडतो. वाचताना मला वाटलं, ही तर कोणीतरी फार त्रासात असलेल्या माणसाची लक्षणं आहेत, आमच्या पोराने आयुष्यात शर्ट फाडला नाही, उलट बटण तुटलं तर शाळेत जात नाही. आणि हेरेश म्हणजे ज्याला ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही तोच, हे मिश्नातच स्पष्ट आहे, ज्याला दोन्हीपैकी एक जमतं तो इतरांसारखाच. नंतरच्या रब्बींनीही यात बरीच उलथापालथ केली. आंधळ्या माणसाचंच बघा, शुल्हान आरूख या आमच्या कायद्याच्या पुस्तकात म्हटलंय की त्याने तोरा वाचू नये कारण अक्षर डोळ्याने बघूनच वाचायचं असतं, आणि लगेच पुढे पोलंडच्या रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी टीप लिहिली की आता आपण त्याला बोलावतो, कारण वाचणारा वेगळाच असतो आणि अडाण्यालाही आपण बोलावतोच की. अडाण्याला चालतं मग आंधळ्याला का नाही, हा युक्तिवाद मला भयंकर आवडतो. गेल्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन, अगदी कट्टर परंपरेतले, त्यांनीही मंदबुद्धी म्हणतात त्या मुलांना शिकवा, सिनेगॉगला आणा असंच लिहिलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या (परंपरा पाळतात पण काळाप्रमाणे बदलही मानतात ते) कायदा समितीने 2011 मध्ये रब्बी पामेला बारमाश यांचा निर्णय मान्य केला, की खुणांच्या भाषेत बोलणारा बहिरा माणूस पूर्ण धरायचा आणि खुणांची भाषा विधीतही चालते. आमचं सिनेगॉग त्या पंथाचं नाही, आमच्याकडे तो निर्णय कोणी मानणार नाही, पण वारा कुठल्या दिशेने आहे ते कळतं.

आमच्या घरात मात्र कायद्याआधी नातेवाईक आले. एक चुलत आजी म्हणाल्या, अगं देवानेच त्याला सूट दिलीये, उगाच का लेकराला त्रास. त्या मायेनेच म्हणाल्या, मला माहितीये. पण सूट हा शब्द दिसतो तितका गोड नाही. ज्याच्यावर बंधन नाही तो दहा जणांत मोजला जात नाही. सार्वजनिक प्रार्थनेला आमच्यात दहा मोठे पुरुष लागतात, मिन्यान म्हणतात, आणि कोकणातल्या कुठल्याही सिनेगॉगच्या माणसाला विचारा दहावा माणूस म्हणजे काय असतं ते. अलिबाग, पेण, रेवदंडा, पनवेल, एके काळी गच्च भरलेली ही सिनेगॉग आणि आता बहुतेक घरं इस्रायलला गेल्यावर तिथे दहा जण जमवायला फोनाफोनी करावी लागते, मुंबईहून कोणी येतंय का, कोणाचा पाहुणा आलाय का. ठाण्याला शआर हशामाइममध्ये (1879चं आहे ते) माझ्या लहानपणी बरी गर्दी असायची तरी आजोबा नेहमी आधी डोकी मोजायचे. मग अशा समाजात तेरा वर्षांचा धडधाकट उभा मुलगा समोर असताना त्याला 'सूट' देऊन बाजूला बसवायचं, हे मला पटूच शकत नव्हतं.

आणि आम्ही बेने इस्रायल कोण लागून गेलो हो? आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असं आम्ही मानतो, पुस्तकं बुडाली, हिब्रू विसरले, घाण्यावर तेल गाळत शनवार तेली म्हणून शेकडो वर्षं राहिले. काय उरलं होतं? शनिवारी काम नाही, मुलाची सुंता, कुठला मासा खायचा कुठला नाही, आणि शेमाची, म्हणजे देव एकच आहे या आमच्या मुख्य प्रार्थनेची एक ओळ. तीच ओळ लग्नात, तीच मयताला, तीच सगळीकडे. डेव्हिड राहाबी म्हणून कोणी आले आणि त्यांनी बायकांपुढे मासे ठेवून परीक्षा घेतली, बायकांनी पर आणि खवले असलेलेच मासे शिजवायला घेतले, त्यावरून त्यांना कळलं की हे आपले, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक आजी सांगते. त्या काळातल्या एकाही पूर्वजाला तोरा वाचता आली नसती. आजच्या मापाने त्यातल्या कोणाचाच बार मित्झ्वा 'झाला' नसता. तरी आम्ही त्यांना ज्यू म्हणतोच ना?

याच्या पुढचं तर माझ्या वडिलांच्या पिढीने बघितलंय. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायल कोणाशी लग्न करणार असतील तर आधी त्यांच्या पिढ्या तपासा. आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, 1964 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. पूर्ण आहात का हा प्रश्न ज्यांना विचारला गेला त्यांनी तोच प्रश्न आपल्या पोराला विचारायचा म्हणजे कमालच झाली. चुलत आजींना मी हे असंच्या असं सांगितलं, त्या गप्प बसल्या, पटलं की रागावल्या ते अजून कळलेलं नाही.

इस्रायलमध्ये हा विषय किती चिघळू शकतो ते 2015 मध्ये रेहोवोतला दिसलं. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाला मसोर्ती म्हणतात, आणि 1990च्या दशकापासून ते अपंग मुलांच्या बार आणि बात मित्झ्वाचा कार्यक्रम चालवतात, शाळेतच कित्येक महिने शिकवून मग समारंभ. त्या वर्षी ऑटिझम असलेल्या मुलांची तयारी झाली आणि ऐन वेळी महापौरांनी रद्द केलं, कारण काय तर सिनेगॉग ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या कट्टर परंपरेचं नाही. बोंबाबोंब झाल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या घरी करायचं ठरलं, मग तिथेही कुठला रब्बी पुढे उभा राहणार यावर फिसकटलं. मोठी माणसं पंथावरून भांडतायत आणि मुलांनी कपडे सुद्धा घालून बघितलेले असणार. मी ऑर्थोडॉक्स सिनेगॉगलाच जाते, माझं प्रेम आहे त्यावर, पण ते वाचून मला लाज वाटली होती.

असो. आमचं काम कुठून सुरू झालं तर तालमूदमधल्या एका छोट्या तुकड्यावरून, भावाच्या इथले रब्बी भला माणूस आहे, त्यांनी दाखवला. कोहेन, म्हणजे याजक घराण्यातला माणूस, हात वर करून लोकांना आशीर्वाद देतो. नियम असा की त्याच्या अंगावर काही व्यंग असेल तर देऊ नये, कारण लोक टक लावून बघतात आणि लक्ष उडतं. एका डोळ्याने आंधळा असेल तरी नाही. मग तालमूद स्वतःच विचारतो, अहो पण रब्बी योहानान यांच्या शेजारी तसाच एक जण होता आणि तो तर आशीर्वाद द्यायचा, ते कसं? उत्तर, त्याची गावाला सवय झाली होती. बस. नंतर कायद्यात सवयीची मुदत पण घातली, तीस दिवस गावात राहिला की झालं. म्हणजे दोष त्याच्यात नव्हता, लोकांच्या नजरेत होता, आणि नजरेला औषध काय तर रोज दिसणं.

मग भावाने तेच केलं. समारंभाची तारीख, हॉल, पत्रिका काहीही ठरवायच्या आधी जवळजवळ वर्षभर तो पोराला घेऊन सिनेगॉगला जात राहिला. सुरुवातीला दाराजवळच्या खुर्चीत, कानावर हेडफोन, कंटाळला की बाहेर, परत आत. सुरुवातीला लोक वळून वळून बघायचे, एका गृहस्थांनी तर शूः शूः करून हैराण केलं, वहिनी रडून घरी आली होती. मग हळूहळू कोणी चॉकलेट ठेवायला लागलं, कोणी त्याची खुर्ची अडवून ठेवायला लागलं, आणि एकदा तो आला नाही तर तीन जणांनी फोन करून विचारलं. माझ्या मते बार मित्झ्वा तिथेच झाला, बाकी मॅनेजमेंट होतं.

मॅनेजमेंट पण सांगते, कारण कोणाला तरी उपयोगी पडेल. सगळ्यात मोठा निर्णय शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या सुट्टीला करायचं नाही हा. शब्बाथला वीज वापरत नाहीत म्हणजे टॅब्लेट बंद, म्हणजे त्याचा आवाजच बंद. पण तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पण वाचतात, छोटं वाचन असतं, तीनच जणांना बोलावतात, आणि त्या दिवशी तेफिलिनही बांधता येतं आणि फोटोही काढता येतात. आम्ही गुरुवार धरला. आशीर्वाद रेकॉर्ड करून बटण दाबलं तर चालेल का, यावर रब्बी म्हणाले की यंत्राच्या आवाजाला आशीर्वाद धरत नाहीत, तेव्हा भाऊ तोंडाने म्हणेल आणि हा सोबत बटण दाबेल. टॅब्लेटवर शेमाचे सहा शब्द सहा बटणांवर ठेवले, आणि एक मोठं बटण आमेनचं. आवाज त्याच्या मावसभावाचा घेतला, त्याच्याच वयाचा, आवाज फुटायच्या बेतात असलेला, म्हणजे मशीनच्या बाईचा आवाज नको होता आम्हाला.

तेफिलिन म्हणजे काळ्या चामड्याच्या पट्ट्या, हाताला सात वेढे आणि कपाळावर एक डबी. ज्याला शर्टाचं लेबल टोचतं त्याला हे कसं सहन होणार. वहिनीने आधी नुसती पट्टी खेळायला दिली, मग एक वेढा, मग दोन, आणि उलटंच झालं, घट्ट गुंडाळलेलं त्याला आवडायला लागलं, सोडायला तयार नाही. कपाळावरची डबी मात्र त्याने काही सेकंदच ठेवली, ठीक आहे. आमच्याकडे वाचन झालं की बायका वरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात, ते रद्द, त्याऐवजी त्यानेच टोपलीतून सगळ्यांना वाटली. तेव्यावर, म्हणजे मधल्या चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या तो आरामात चढतो त्यामुळे तो प्रश्न नव्हता, पण व्हीलचेअरवाल्या मुलाचं काय हा विचार मला गॅलरीतून बघताना आलाच, कारण रॅम्प नाहीये, आणि मुंबई-ठाण्यातही किती ठिकाणी आहे सांगा. तिथे सेफेर तोरा खाली आणून टेबलावर ठेवणं हा एक उपाय आहे, कमिटीला सांगा, ऐकतील न ऐकतील.

आणखी एक योगायोग. त्याचा वाढदिवस ज्या आठवड्यात येतो तेव्हा तोराचा एमोर हा भाग वाचतात, लेवीय पुस्तकाच्या 21व्या अध्यायापासूनचा. ज्यांना माहितीये त्यांच्या पोटात गोळा येईल, कारण त्यातच आहे की आंधळा, लंगडा, हात मोडलेला याजक वेदीपाशी येऊ नये. गुरुवारचं वाचन पंधराव्या वचनाला संपतं आणि हे सोळाव्यापासून सुरू होतं, म्हणजे आम्ही अगदी थोडक्यात सुटलो. आमच्या वाट्याला तिसरं बोलावणं, त्याची तीन वचनं कशाबद्दल तर मुख्य याजकाने कोणत्या मुलीशी लग्न करावं! भाचीला मात्र सुटलो हे मान्य नव्हतं. ती पंधराची आहे आणि वादाला बापासारखी. नाश्त्याच्या वेळी उभी राहून तिने सोळावं वचनच काढलं, म्हणाली हे लिहिलंय ते लिहिलंय, पण त्याच याजकाला पवित्र अन्नातला वाटा मिळतो हे पण तिथेच बाविसाव्या वचनात आहे, आणि गेल्याच आठवड्याच्या भागात बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका असं आहे, मग अडथळा कोण ठेवतंय ते बघा. शूः शूः करणारे गृहस्थ समोरच बसले होते. मला तिचा जरा जास्तच अभिमान वाटला.

ओमेरचे दिवस होते, पेसाह आणि शावुओत या आमच्या दोन सणांच्या मधले, त्यात बरेच जण गाणंबजावणं टाळतात, त्यामुळे डीजे का नाही हे कोणाला समजावत बसावं लागलं नाही. पोराच्या कानांना आरामच आराम.

आता भावाचं. मुलगा तेराचा झाला की बाप एक छोटं वाक्य म्हणतो, बारूख शेपेतारानी, मतलब असा की याच्या चुकांच्या शिक्षेतून, याच्या जबाबदारीतून ज्याने मला मोकळं केलं तो धन्य असो. हे वाक्य वाचून भाऊ तिथेच अडला. म्हणाला, मी कुठे मोकळा होतोय? इस्रायलमध्ये 1988च्या कायद्याने अशा मुलांना 21 वर्षांपर्यंत शाळा आहे, त्यानंतर काय, आम्ही गेल्यावर काय, हे सगळं ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस चालू असतं त्याने सगळ्यांसमोर मोकळा झालो म्हणायचं? इतर बाप हे वाक्य हसत हसत म्हणतात, लोक टाळ्या देतात. रब्बींनी त्याला काही प्रवचन दिलं नाही. एवढंच म्हणाले की या वाक्यात देवाचं नाव न घेता म्हणायचा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे, काही जण म्हणतच नाहीत, तुला नाही म्हणायचं तर नको म्हणूस. नवीन तलित, म्हणजे प्रार्थनेची शाल आणली होती पोरासाठी, त्यावर शेहेहेयानू हा आशीर्वाद म्हणता येतो, आम्हाला जगवून या वेळेपर्यंत पोचवलंस म्हणून. भावाने तो म्हटला. अपंग मुलांच्या समारंभावर इतकं लिहिलं जातं पण आईबापांना कुठलं वाक्य झेपणार नाही हे कोणी विचारत नाही.

आदल्या संध्याकाळी मलिदा केला होता, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने. हे फक्त आमचं, बाकी ज्यूंना माहीत पण नसतं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळं. पोहे कालवायचं काम भाच्याला दिलं आणि तो कोपरापर्यंत हात घालून इतका रमला की शेवटी चुलत आजींनीच सांगितलं, असू दे, आज त्यालाच करू दे, आणि प्रार्थना संपेपर्यंत ताट त्याच्याकडेच होतं.

आता पुढचं. तो समजतो, सांगितलेलं करतो, शब्बाथ कधी येतो ते त्याला कळतं, म्हणून रब्बींनी त्याला मिन्यानमध्ये धरायचं ठरवलं. सगळ्यांना पटलेलं नाही. मध्यंतरी एका सोमवारी नऊ जण आणि हा, तर एक काका दारात उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारत होते, सेफ्टीसाठी म्हणे. हझानने घड्याळ बघितलं आणि सुरू केलं. काका आत आले, आमेन म्हणाले, पण भावाशी अजून नीट बोलत नाहीत. पुरीमच्या सणाला आम्हीच त्याला नेत नाही, त्या दिवशी एस्तेरची गोष्ट (मेगिल्ला) वाचतात आणि त्यातल्या दुष्ट हामानचं नाव आलं की जो खुळखुळ्यांचा गोंगाट होतो तो त्याला सहन होत नाही, तेव्हा घरीच मेगिल्ला वाचतो.

टॅब्लेटवरचं शेमा आणि आमेनचं पान ठाण्या-पुण्यात कोणाला हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, बटणांवर मराठी अक्षरात उच्चार घालून पाठवते.